उद्योगसृष्टींतील फेरफटका : झिजलेल्या पोलादाची चिकित्सा

ज्या घरांत अजून पाटा-वरवंटा नांदत आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना एक गोष्ट सांगावयास नको. पाटा पुष्कळ दिवस वापरला म्हणजे गुळगुळीत होतो. दिसावयास तो अधिकच सुरेख दिसतो; परंतु त्यावर चटणी वाटावयास बसलें कीं खोबरें नुसतें घसरूं लागतें, हात भरून येतात आणि चटणी मात्र भरडच राहते. मग ‘पाट्याला टाकी’ अशी आरोळी देत जाणाऱ्या बाईला हांक मारावयाची. ती छिन्नी-हातोडी घेऊन अंगणांत बसे, घटकाभरांत पाट्याच्या अंगावर बारीक खळ्यांची नक्षी उठवी, आणि तोच पाटा पुन्हां कामाला लागे. पाटा फेंकून देऊन नवा आणावा, असें कोणाच्या मनांतहि येत नसे.

आज ती आरोळी शहरांत फारशी ऐकूं येत नाहीं. परंतु तिच्यामागची विद्या नाहींशी झालेली नाहीं. वेष पालटून ती कारखान्यांत गेली आहे. झिजलेली वस्तु टाकून न देतां जेथें झीज झाली तेवढीच जागा सुधारावयाची, हें तिचें तत्त्व. दगडाच्या जागीं पोलाद आलें आणि छिन्नीच्या जागीं विजेची ज्योत आली, एवढाच फरक. या महिन्याच्या फेरफटक्यांत आपण तिच्याच मागोमाग प्रथम साखर कारखान्याच्या गाळपघरांत जाऊं.

गुळगुळीत झालेली लाट

गुऱ्हाळांतील चरक पुष्कळांनीं पाहिलेला असेल. साखर कारखान्याची मिल म्हणजे त्याच चरकाचें विराट् रूप होय. गव्हाणींत टाकलेला ऊंस प्रथम फिरत्या सुऱ्यांखालीं जातो. मग जड पोलादी हातोड्यांच्या यंत्रांत त्याचा तंतु न् तंतु सुटा होतो. आणि असा पिंजलेला ऊंस ओळीनें मांडलेल्या चार, पांच किंवा सहा गिरण्यांतून पिळून निघतो. प्रत्येक गिरणीच्या मुख्य लाटा तीन. कारखान्यांत त्यांना रोलर म्हणतात. रोलरचा आंस घडीव पोलादाचा आणि त्यावर चढविलेलें कवच ओतीव लोखंडाचें असतें. कवचावर सभोंवार खोल चऱ्या पाडून दांते काढलेले असतात. वरच्या रोलरवर तेलाच्या दाबानें शेंकडों टनांचा भार दिलेला असतो, आणि मिनिटास चार-पांच फेरे अशा गजगतीनें तो फिरत असतो.

हे दांते गुळगुळीत झाले कीं उंसाची गत पाट्यावरच्या खोबऱ्यासारखी होते. रोलर फिरतो, पण ऊंस आंत ओढला जात नाहीं. तो तोंडाशींच तुंबतो. जो आंत जातो तोहि पुरता पिळला जात नाहीं. राहिलेला रस चोयट्यांबरोबर बॉयलरच्या भट्टींत जातो. शेतकऱ्यानें वर्ष-दीड वर्ष पाणी पाजून वाढविलेली साखर तेथें अक्षरशः जळून जाते.

दांते झिजण्याचीं कारणें दोन. उंसाचा रस किंचित् आंबट असतो, तो लोखंडाला हळूहळू खातो. आणि उंसाबरोबर शेतांतली माती व वाळू येते, ती त्यास घांसून काढते. यावर उपाय म्हणून वेल्डर दांत्यांच्या अंगावर कठीण धातूचे बारीक बारीक थेंब चढवितो. टाकी लावणारी बाई दगडांतून कण काढून खरखरीतपणा आणीत असे. वेल्डर कण चढवून आणतो. नवल असें कीं, हें काम पुष्कळदां मिल चालू असतांनाच करितात. रोलर संथपणें फिरत असतो, रस गळत असतो, आणि समोरच्या फळीवर बसलेला वेल्डर फिरत्या दांत्यावर विजेची ठिणगी नेमकी टेंकवीत असतो. अशा वेळीं विजेला परतण्याची वाट रोलरच्या आंसावर टेंकविलेल्या तांब्याच्या ब्रशांतून करून द्यावी लागते. ती न दिली तर वीज बेअरिंगमधून वाट काढते आणि आंसाच्या गुळगुळीत अंगावर ठिकठिकाणीं जळून खड्डे पडतात. दांते सुधारावयास जावें आणि आंस नासावा, असा प्रकार होतो. वेल्डिंगच्या दुरुस्तींत असे सापळे पुष्कळ आहेत, आणि त्यांचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

ही विद्या आली कोठून ?

विजेच्या दोन टोकांमध्यें थोडें अंतर ठेवून जी ज्योत पेटते तिला आर्क म्हणतात. पोलाद सुमारें १५०० अंश सेंटिग्रेडला वितळतें. आर्कची उष्णता त्याच्या तिप्पट-चौपट असते. १८८० नंतरच्या दशकांत रशियन शोधक बेनार्डोस यानें कोळशाच्या कांडीनें अशी ज्योत पेटवून लोखंड सांधून दाखविलें. १८८८ सालीं पर्म येथील तोफखान्याच्या कारखान्यांतील अभियंता स्लाव्यानॉव यानें एक पाऊल पुढें टाकलें. त्यानें कोळशाच्या जागीं धातूचीच कांडी घेतली. ती कांडी ज्योतीबरोबर स्वतः वितळून खालच्या जागेंत भरूं लागली. स्वामी विवेकानंद ज्या वर्षीं शिकागोस गेले, त्याच वर्षीं, म्हणजे १८९३ सालीं, तेथील जागतिक प्रदर्शनांत या गृहस्थानें आठ निरनिराळे धातु एकावर एक सांधून केलेला एक पेला ठेविला होता व त्यास पदक मिळालें.

परंतु उघड्या कांडीचा एक दोष होता. वितळलेलें पोलाद हवेंतील प्राणवायु व नत्रवायु शोषून घेई आणि थंड झाल्यावर ठिसूळ होई. स्वीडनमध्यें ऑस्कर शेलबर्ग हा जहाजांच्या बॉयलरांची दुरुस्ती करीत असे. त्याला हा दोष पदोपदीं जाणवला. त्यानें कांडीवर खनिज द्रव्यांचा लेप चढविला. लेप जळून त्याचा वायु ज्योतीभोंवतीं पडद्यासारखा राही, आणि उरलेला मळ वितळलेल्या धातूवर सायीसारखा पसरून हवेला दूर ठेवी. १९०४ सालीं त्यानें गोटेबोर्ग येथें आपली कंपनी काढली. आज आपल्या गांवांतील लहानशा वर्कशॉपमध्येंहि जो लेपाचा रॉड दिसतो, त्याचा हा मूळपुरुष. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, या शोधामागची गरज नव्या वस्तु घडविण्याची नव्हती. जुन्या वांचविण्याची होती.

दुरुस्तीच्या या विद्येचा मोठा डंका वाजला तो १९१७ सालीं. पहिल्या महायुद्धाच्या आरंभापासून अमेरिकेच्या बंदरांत पुष्कळ जर्मन जहाजें अडकून पडलीं होतीं. अमेरिका युद्धांत उतरणार अशीं चिन्हें दिसतांच त्यांवरील खलाशांनीं एंजिनांचे ओतीव लोखंडाचे सिलिंडर ठोकून फोडले. नवे सिलिंडर ओतून बसवावयाचे तर वर्षाहून अधिक काळ लागेल, असा अंदाज होता. अमेरिकन आरमारानें विजेच्या वेल्डिंगनें ते जागच्या जागींच सांधले, आणि त्याच वर्षांत हीं जहाजें अमेरिकन सैन्य घेऊन युरोपकडे जाऊं लागलीं. ज्यांनीं तीं मोडलीं, त्यांच्याविरुद्धच तीं उभीं राहिलीं.

आधीं रोगाचें निदान

एवढें वाचून कोणास वाटेल कीं, झीज झाली म्हणजे कठीणांत कठीण रॉड आणावा आणि भरून टाकावें. त्यांत विचार कसला? परंतु वैद्य जसा ताप पाहून लगेच काढा देत नाहीं, त्याप्रमाणें येथेंहि आधीं निदान करावें लागतें. पोलाद झिजतें याचे प्रकार अनेक आहेत. नांगराचा फाळ मातीनें घांसून झिजतो. दगड फोडणाऱ्या यंत्राचा जबडा घांसण्यापेक्षां आघातानें अधिक खचतो. आंस बेअरिंगमध्यें फिरून धातूवर धातु घांसल्यानें बारीक होतो. पंपाचें पातें पाण्यानें आणि गंजानें खाल्लें जातें. प्रत्येकाचा उपाय निराळा.

नुसत्या मातीच्या घर्षणावर क्रोमियम आणि कार्बन यांचें मिश्रण रामबाण आहे. त्यांत शेंकडा चार-पांच भाग कार्बन आणि पंचवीस-तीस भाग क्रोमियम असतें, आणि थंड होतांना त्यांत कांचेवर ओरखडा काढतील असे कठीण कण बनतात. पण हाच थर दगड फोडणाऱ्या जबड्यावर दिला, तर पहिल्याच जोराच्या ठोक्यांना त्याचे कपचे उडतील. कठीणपणा आणि चिवटपणा यांचें सहसा एका घरांत जमत नाहीं. बोरीच्या लांकडाची मूठ हातोड्याला बसते ती चिवट म्हणून. कांचेची मूठ कितीहि कठीण असली तरी कोण बसवील?

मग रोग्याची प्रकृति

रोग ओळखला तरी काम अर्धेंच झालें. ज्या पोलादावर भरावयाचें तें कोणत्या जातीचें आहे, हें न पाहतां हात घातला तर औषधच रोग्याला मारतें. हें कसें घडतें तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे.

लोहार फाळ तापवून लाल करितो आणि एकदम पाण्यांत बुडवितो. यास आपण ‘पाणी देणें’ म्हणतों. पाणी दिलेलें पोलाद कठीण होतें, पण ठिसूळहि होतें. हा गुण पोलादांतील कार्बनमुळें येतो. कार्बन जितका अधिक तितका हा कठीणपणा अधिक. आतां वेल्डिंगमध्यें पाणी कोठेंच नसतें. तरी तेथें पाणी दिलें जातें! आर्कखालची टिकलीएवढी जागा वितळलेली असते आणि तिच्या भोंवतीं कित्येक टनांचा थंड पोलादी गोळा असतो. तो गोळा ती उष्णता इतक्या झपाट्यानें ओढून घेतो कीं, जोडाच्या लगतची पट्टी जणूं पाण्यांतच बुडविल्यासारखी कठीण व ठिसूळ होते. वस्तु जितकी मोठी, तितकें हें पाणी जालीम. पत्र्याच्या पिंपाला सुखानें सांधणारा कारागीर हातभर जाडीच्या आंसापाशीं फसतो, तो येथें.

याला दुसरी एक गोष्ट येऊन मिळते. रॉडच्या लेपांत ओल असली, तर आर्कमध्यें त्या पाण्याचें पृथक्करण होऊन हायड्रोजन वायु सुटतो आणि वितळलेल्या पोलादांत विरघळतो. पोलाद थंड होऊं लागलें म्हणजे त्याला आंत जागा पुरत नाहीं. तो सरकत सरकत त्याच ठिसूळ पट्टींत गोळा होतो आणि तेथें तड पाडतो. विशेष घातक गोष्ट ही कीं, ही तड लगेच पडत नाहीं. काम संपतें, वेल्डर हात धुतो, जोड डोळ्यांना निर्दोष दिसतो. आणि कांहीं तासांनीं, कधीं दोन दिवसांनीं, आंतल्या आंत पोलाद चिरतें. म्हणूनच जाणते अभियंते अशा कामाची अखेरची तपासणी अठ्ठेचाळीस तास उलटल्याशिवाय करीत नाहींत.

महाराष्ट्रांत या संकटाला एक स्थानिक कारणहि आहे. कारखान्यांचा गळीत हंगाम सामान्यतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यांत संपतो, आणि यंत्रांची मोठी दुरुस्ती निघते ती पावसाळ्यांत. म्हणजे हवेंत ओल अधिकांत अधिक असते, नेमकें तेव्हांच ! डब्याबाहेर राहिलेला पापड आषाढांत कसा सादळतो, हें गृहिणींस ठाऊकच आहे. रॉडचा लेपहि तसाच सादळतो. पापड आपण विस्तवावर शेकून घेतों; हायड्रोजनचें भय टाळण्यासाठीं केलेले चुनखडीच्या लेपाचे रॉड तीनशें-साडेतीनशें अंशांच्या भट्टींत शेकून घ्यावे लागतात, आणि वापरीपर्यंत गरम डब्यांत ठेवावे लागतात. हा डबा वेल्डरच्या शेजारीं आहे कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी त्या कारखान्याच्या शिस्तीची परीक्षा होते.

ठिसूळ पट्टीवर उपाय तसा साधा आहे. काम सुरू करण्यापूर्वींच ती वस्तु सावकाश तापवावयाची. मध्यम कार्बनच्या जाड आंसाला सामान्यतः दीडशें ते अडीचशें अंश ऊब लागते. कार्बन वाढला कीं त्याहूनहि अधिक. ती काम संपेपर्यंत टिकवावयाची, आणि नंतर वस्तु वाळूंत, चुन्यांत किंवा उष्णतारोधक चादरींत गुंडाळून हळूहळू निवूं द्यावयाची. ऊब बरोबर आली कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं ठराविक अंशावर वितळणाऱ्या खडूच्या कांड्या मिळतात. त्यांची रेघ ओढावयाची आणि ती वितळली कीं समजावयाचें. यांत गूढ कांहीं नाहीं. लागतो तो वेळ, आणि तोच कोणी द्यावयास तयार नसतो.

उलट प्रकृतीचें पोलाद

येथवर वाचून ‘तापवा आणि सावकाश निववा’ हा नियम कोणी पाठ केला असेल, तर त्यास एका निराळ्या रोग्याची ओळख करून दिली पाहिजे. १८८२ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें रॉबर्ट हॅडफील्ड यानें पोलादांत शेंकडा बारा-तेरा भाग मँगेनीज घातलें. निघालेलें पोलाद सर्वस्वीं विपरीत वागणारें होतें. इतर पोलाद तापवून पाण्यांत बुडविल्यानें ठिसूळ होतें. हें त्यानेंच चिवट होतें. शिवाय मार खाईल तसतसा याचा पृष्ठभाग कठीण होत जातो आणि आंतला भाग चिवटच राहतो. म्हणून दगड फोडणारे जबडे आणि आगगाड्यांच्या रुळांचीं क्रॉसिंगें याचीं करितात.

या पोलादाला तापवून वेल्डिंग केलें तर घात होतो. अडीचशें-पावणेतीनशें अंशांच्या वर तें फार वेळ राहिलें कीं, त्याच्या कणांच्या सांध्यांत कार्बनचीं ठिसूळ संयुगें सांचतात आणि तें खापरासारखें फुटूं लागतें. म्हणून येथें उलट नियम : आधीं तापवावयाचें नाहीं, लहान लहान तुकड्यांनीं जागा बदलून काम करावयाचें, मधून मधून थांबावयाचें, काम चाललें आहे त्या जागेपासून वीतभर अंतरावर हात टेंकवतां आला पाहिजे.

मग दोन सारख्या दिसणाऱ्या काळ्या गोळ्यांपैकीं कोण कोणत्या प्रकृतीचा, हें ओळखावें कसें ? उपाय शाळकरी मुलाच्या खिशांत असतो. साध्या पोलादाला लोहचुंबक घट्ट चिकटतो. मँगेनीज-पोलादाला तो जवळजवळ चिकटतच नाहीं. चार आण्यांच्या लोहचुंबकानें लाखांच्या यंत्राचा जीव वांचतो, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. मात्र तो चुंबक काढून लावून पाहण्याची बुद्धि व्हावयास हवी !

जोड भक्कम, शेजार तडकला

या हलगर्जीपणाचें फळ काय मिळतें, याचें प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियांत घडलें. मेलबर्न शहरांतील किंग स्ट्रीट पूल १९६१ सालीं रहदारीस खुला झाला. त्याच्या मोठ्या पोलादी तुळ्यांच्या खालच्या अंगास बळकटीसाठीं जादा पट्ट्या वेल्डिंगनें जोडलेल्या होत्या. सव्वा वर्षानें, १० जुलै १९६२ रोजीं, थंडीच्या सकाळीं पंचेचाळीस टनांचें एक वाहन त्यावरून जात असतां एक गाळा एकदम खचला. दैवयोगानें कोणाचे प्राण गेले नाहींत. चौकशींत आढळलें कीं, पोलाद अधिक ताकदीचें, म्हणून सांधण्यास अवघड जातीचें होतें. आणि भेगा सुरू झाल्या त्या जोडाच्या ऐन कडेला, पट्ट्यांच्या टोकांशीं आडव्या घातलेल्या टांक्यांपाशीं. बळकटीसाठीं लावलेलें ठिगळच दुर्बळतेचें मूळ ठरलें.

पूल नवा होता आणि आपला विषय जुन्या यंत्रांचा आहे. पण धडा एकच आहे. वेल्डिंगचा जोड क्वचितच स्वतः तुटतो; तुटतें तें त्याच्या शेजारचें पोलाद. नवी सून कितीहि गुणी असली तरी घरानें तिला सामावून घेतलें पाहिजे, तेव्हांच घर टिकतें. भरलेल्या धातूचेंहि तसेंच आहे.

हें सामावून घेणें साधावें म्हणून कारागीर एक युक्ति करितात. जुन्या पोलादावर एकदम कठीण थर न देतां, मध्यें एक चिवट धातूचा थर देतात. त्याचें कारण असें : क्रोमियमच्या कठीण थराला निवतांना बारीक आडव्या चिरा पडतातच. त्या पाहून नवखा मनुष्य घाबरतो. परंतु त्या अपेक्षितच असतात, त्यांच्या वाटेनें आंतला ताण मोकळा होतो. भय एवढेंच कीं, ती चीर खालीं उतरून मूळ पोलादांत शिरूं नये. मधला चिवट थर तिला उंबऱ्यावरच अडवितो. शिवाय पहिल्या थरांत जुनें पोलाद पांचवा-चौथा हिस्सा वितळून मिसळतें. जुन्या भिंतीवर चुन्याच्या पहिल्या हातांतून डाग दिसावा, तसें त्याचें गुणधर्म उणें होतें. म्हणून दुसरा हात द्यावा लागतो. पण चौथा-पांचवा देऊं नये. जाड झालेला कठीण थर पोपडा धरून सुटतो. भेग पाहून ती निरुपद्रवी कीं प्राणघातक हें सांगतां येणें, यांतच या विद्येची खरी पारख आहे.

घाई कोणाची, नुकसान कोणाचें ?

आतां एक प्रसंग डोळ्यांपुढें आणूं. समजा, जानेवारीचा महिना आहे. गळीत जोरांत आहे. हातोड्यांच्या यंत्राचा आंस बेअरिंगपाशीं झिजून थरथरूं लागला आहे. गव्हाणीबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रात्रभर उभे आहेत. तोडलेला ऊंस चोवीस तासांच्या आंत गाळला जावा असा दंडक आहे. त्यापुढें तासागणिक त्यांतील साखर उतरत जाते, वजनहि घटतें. नवा आंस यावयास कांहीं आठवडे लागतील. नीट तापवून, भरून, निववून, लेथवर उतरवून तपासावयास चार दिवस हवेत. आणि कोणी तरी म्हणतो, ‘‘तापवायचें कशाला ? रॉड मारा आणि रात्रींतून चालू करा !’’

असें म्हणणारा दुष्ट नसतो. त्याच्यासमोर शेतकऱ्यांचे चेहरे असतात. १९५० सालच्या अखेरीस प्रवरानगर येथें महाराष्ट्रांतील पहिल्या सहकारी साखर कारखान्याचें गळीत सुरू झालें, तेव्हांपासून या धंद्यांत कारखान्याचा मालक आणि बाहेर गाडीशीं उभा असलेला शेतकरी पुष्कळदां एकच असतो. त्याची घाई खोटी नसते. परंतु पोलादाला घाई समजत नाहीं. रात्रींतून भरलेला आंस चौथ्या दिवशीं तुटला, तर चार दिवसांच्या जागीं कांहीं आठवडे जातात. आणि पूर्ण वेगानें फिरणाऱ्या यंत्राजवळ त्या क्षणीं कोण उभें असेल, हें कोणास सांगतां येईल? म्हणून चांगल्या कारखान्यांत या गोष्टीचा निर्णय हंगामाच्या ऐन धुमाळींत होत नाहीं. कोणता भाग कोणत्या पोलादाचा, त्यास कोणता रॉड, किती ऊब, हें पावसाळ्यांतच लिहून ठेविलेलें असतें, आणि महत्त्वाच्या भागाचा जोडीदार तयार करून भांडारांत ठेविलेला असतो.

त्याच वहींत आणखी एक यादी असावी लागते : काय सांधावयाचें नाहीं याची. वजन उचलणाऱ्या क्रेनचा आंकडा झिजला तर तो मनानें भरून पुन्हां लावूं नये, तो बदलावा. आंस झिजला असेल तर गोष्ट वेगळी. पण वर्षानुवर्षांच्या पिळानें त्यांत खोल भेग गेली असेल, तर वरून लिंपणें म्हणजे गळूंवर चंदनाचा लेप देणें होय. दुरुस्तीचें शास्त्र जाणणारा मनुष्य ‘हें होणार नाहीं’ असेंहि सांगूं शकतो, आणि तसें सांगण्याची मुभा त्यास असावी लागते.

ज्योतीपलीकडचा मनुष्य

शेवटीं, ज्याच्या हातीं हें सर्व असतें त्याच्याकडे पाहूं. आर्कच्या प्रकाशांत डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण असतात. काळ्या कांचेवांचून क्षणभर पाहिलें तरी तेव्हां कांहीं वाटत नाहीं. रात्रीं मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपतें आणि पाणी गळतें. रस्त्यावर वेल्डिंग चाललेलें असतांना मुलें कौतुकानें पाहत उभीं राहतात. त्यांना तेथून दूर न्यावें. दुसरें भय धुराचें. २०१७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें वेल्डिंगचा धूर मनुष्यास निश्चितपणें कर्करोगकारक ठरविला. त्यांत क्रोमियमच्या रॉडचा धूर विशेष वाईट. रसानें ओल्या झालेल्या फळीवर बसून सत्तर-ऐंशी व्होल्टची वीज हातीं खेळविणें, हें तिसरें भय. तोंडाला रुमाल बांधला म्हणजे या तिघांचाहि बंदोबस्त होत नाहीं. योग्य कांच, धूर ओढून नेणारा पंखा, कोरडे हातमोजे आणि वीज आपोआप उतरविणारें साधन हीं चैनीचीं नव्हेत, हत्यारांइतकींच जरुरीचीं आहेत.

आमच्या सुशिक्षित घरांतून अभियंते पुष्कळ निघाले; वेल्डर फारसे निघाले नाहींत. कागदावरचें काम तें आपलें आणि काळवंडलेल्या हातांचें तें दुसऱ्याचें, ही वांटणी आपण सोयीनें करून घेतली. तिचा परिणाम असा झाला कीं, पुष्कळ ठिकाणीं ज्याला कार्बन आणि हायड्रोजन ठाऊक, त्यानें रॉड हातीं धरलेला नसतो. आणि ज्याच्या हातांत रॉड, त्यास आंस कोणत्या पोलादाचा हें कोणी सांगितलेलें नसतें. तड पडते ती या दोघांच्या मधल्या फटींत. घरांतला एखादा मुलगा किंवा मुलगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत जाऊन हें काम शिकूं म्हणेल, तर वडिलांनीं कपाळाला आंठ्या घालूं नयेत. कपाळावर घालावयाचा चांगला मुखवटा मात्र घेऊन द्यावा. आणि जे अभियंते झाले आहेत त्यांनीं वेल्डरला ‘किती वेळांत होईल ?’ असें विचारण्यापूर्वीं, ‘तुम्हांला काय दिसतें ?’ असें विचारावें.

पाट्याला टाकी लावणारी ती बाई कामाला बसण्यापूर्वीं पाट्यावरून एकदां तळहात फिरवीत असे. दगड कोठें गुळगुळीत झाला आहे आणि कोठें पोकळ वाजतो, हें तिला त्यावरून कळे. मगच ती पहिला घाव घाली. ज्योत पेटविण्यापूर्वीं पोलादावरून असाच एक हात फिरविण्याइतका वेळ आपल्या कारखान्यांनीं राखून ठेवावा.